घटनेनंतरचा शेजार

गल्लीत खून किंवा प्राणघातक हल्ला झाला की पहिल्या काही तासांत जे घडते, ते पुण्याच्या कोणत्याही भागात जवळपास सारखेच असते. पोलिसांची गाडी येते, रस्त्याचा एक तुकडा दोरी बांधून अडवला जातो, समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्या भरतात आणि खाली मोबाईल उंचावून उभ्या असलेल्या बघ्यांची गर्दी जमते. वार्ताहराने माईक पुढे केला की मृताबद्दलही आणि आरोपीबद्दलही एकच उत्तर मिळते: शांत माणूस होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रखवालदार वाढवण्याची, भाडेकरूंची कागदपत्रे पुन्हा तपासण्याची आणि यापुढे एकट्या मुलांना जागा न देण्याची चर्चा सुरू होते. त्याच संध्याकाळी हवालदार वही घेऊन मजल्यामजल्यावर फिरतो, तेव्हा बहुतेक दारांतून त्याला सांगितले जाते की आम्ही आत होतो, टीव्ही चालू होता, काही ऐकू आले नाही.

दारातल्या या उत्तराबद्दल मला लिहायचे आहे, कारण पुढे त्या खटल्याचे काय होणार हे बऱ्याचदा तिथेच ठरते. शेजाऱ्यांच्या वागण्यावर आपल्याकडे जो वाद होतो तो हल्ल्याच्या दोन-चार मिनिटांपुरता असतो. कोणी धावले का, कोणी अडवले का, लोक नुसते बघत का राहिले, एवढ्यावर आपण शहराला शूर किंवा भेकड ठरवून मोकळे होतो. त्यानंतरचे महिने आणि वर्षे मात्र कोणी मोजत नाही. जे पाहिले ते सांगणे, सांगितलेले न्यायालयात टिकवणे आणि ज्या घरावर आघात झाला त्या घराला एकटे न पाडणे ही शेजाऱ्यांची कामे आहेत, आणि ती पार पडतात की नाही यावर गुन्हेगाराला शिक्षा होणार की नाही हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

अलीकडच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. 27 जून 2023 रोजी सकाळी सदाशिव पेठेत एका तरुणाने एका विद्यार्थिनीवर भर रस्त्यात कोयत्याने हल्ला केला, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण मध्ये पडल्यामुळे तिचा जीव वाचला. जानेवारी 2025 मध्ये येरवड्यात एका कंपनीच्या वाहनतळावर एका तरुणीवर तिच्याच सहकाऱ्याने वार केले. आजूबाजूला माणसे उभी होती, पण हल्लेखोराच्या हातात शस्त्र असेपर्यंत कोणी पुढे झाले नाही, आणि ते त्याने टाकल्यावर मात्र जमावाने त्याला चोपले. पहिल्या घटनेनंतर शहराने त्या तरुणाचे सत्कार केले, दुसऱ्या घटनेनंतर माणुसकी मेल्याचे लेख लिहिले गेले. ज्याने धाव घेतली त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु निःशस्त्र माणसाने धारदार शस्त्रासमोर उभे राहिलेच पाहिजे अशी अपेक्षा कोणताही समाज सर्वांकडून करू शकत नाही, आणि केली तर ती अपेक्षा पूर्ण न करणाऱ्या शेकडो लोकांना पुढचे काहीच न करण्याची सबब मिळते. आपल्याला शौर्य जमले नाही, म्हणजे आपला या प्रकरणाशी संबंध संपला, असे माणूस स्वतःला समजावतो. येरवड्यातले जे दृश्य मला अधिक अस्वस्थ करते ते शस्त्र खाली पडल्यानंतरचे आहे. तिथे संताप होता, माणसेही होती. परंतु लांबून आरडाओरडा करणे, हाताला येईल ते फेकणे, चार जणांनी एकत्र पुढे सरकणे, 112 क्रमांकावर फोन करणे आणि जखमीला ताबडतोब रुग्णालयात नेणे ही मधली, कमी धोक्याची कामे करायची असतात हे आपल्याला कोणी कधी शिकवलेलेच नाही.

बघ्यांच्या निष्क्रियतेबद्दलचा आपला समजही तपासून घेण्यासारखा आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोविज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. तो प्रकार 38 शेजाऱ्यांनी पाहिला आणि कोणी हालचाल केली नाही, अशी बातमी तेव्हा छापून आली आणि जगभर त्यावरून शहरी माणसाच्या थंडपणाचे सिद्धान्त मांडले गेले. ती बातमी बरीचशी चुकीची होती हे पुढे स्पष्ट झाले. इतक्या लोकांनी तो प्रकार पाहिला नव्हता आणि ज्यांना काही ऐकू आले त्यांच्यापैकी काहींनी प्रतिसादही दिला होता. अलीकडे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतल्या रस्त्यांवरील 219 भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासले, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक तरी बघा मध्ये पडलेला दिसला. त्या क्षणी माणूस जितका वाईट वागतो असे आपण समजतो तितका तो वागत नाही, आणि म्हणूनच आपल्या टीकेचा रोख त्या क्षणावरून हलवून नंतरच्या काळाकडे वळवला पाहिजे.

नंतरच्या काळात एखादा सामान्य माणूस काय करू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यातच आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला, वर्षे लोटली, आणि अखेर 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप सुनावली व उरलेल्या तिघांना निर्दोष सोडले. त्या दोघांना न्यायालयात ओळखणारे साक्षीदार कोण होते, हे फार थोड्या पुणेकरांच्या लक्षात असेल. एक होता महापालिकेचा सफाई कर्मचारी, जो त्या सकाळी पुलावर कामावर होता, आणि दुसरा होता जवळच्या इमारतीच्या गॅलरीतून तो प्रकार पाहिलेला एक माणूस. हल्ल्याच्या क्षणी दोघेही काही करू शकले नव्हते. परंतु जे दिसले ते त्यांनी सांगितले, अनेक वर्षांनी पुन्हा सांगितले आणि उलटतपासणीतही सांगितले. या शहरात दाभोलकरांच्या विचारांवर भाषणे देणारे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे, पण त्या सफाई कर्मचाऱ्याने जे केले त्याची शहराने पुरेशी दखल घेतली नाही असे मला वाटते.

शेजाऱ्याशिवाय गुन्ह्याचा तपास होऊच शकत नाही हे कायद्याने कधीचेच गृहीत धरलेले आहे. संशयास्पद मृत्यूनंतरचा पंचनामा त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर व्हावा असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्येही ते कायम आहे. घराची झडती घेतानाही त्याच भागातले स्वतंत्र पंच असावेत अशी अपेक्षा आहे. याच संहितेच्या कलम 33 नुसार खुनासारख्या गंभीर गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात मात्र पंच म्हणून सही करायला कोणी तयार नसते, मग पोलीस ओळखीतला, नेहमीचा माणूस उभा करतात, आणि पुढे बचाव पक्षाचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो की गजबजलेल्या वस्तीत तुम्हाला एकही स्थानिक माणूस का मिळाला नाही. पंचनाम्यावर सही टाळणाऱ्याला हे ठाऊक नसते की त्याच्या त्या नकाराचा उपयोग काही वर्षांनी आरोपीलाच होणार आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तिच्यामागचा अनुभव खोटा नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर टपरी टाकून बसलेल्या इस्त्रीवाल्याचा विचार करावा. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत तो तिथेच असतो, कोणत्या इमारतीत कोण कधी येते-जाते हे त्याला रखवालदारापेक्षा अधिक माहीत असते, आणि म्हणून पोलीस सर्वांत आधी त्याच्याकडेच येतात. त्याने खरे सांगितले तर पुढे काय होते? आधी चौकीत बोलावणे येते, तिथे अर्धा दिवस बाकावर जातो. दोन-तीन वर्षांनी समन्स येते. शिवाजीनगरच्या न्यायालयात तो सकाळी साडेदहाला जाऊन व्हरांड्यात उभा राहतो, त्याच व्हरांड्यात आरोपीचे भाऊ आणि मित्र उभे असतात, दुपारी पुकारा होतो आणि समजते की आज वकील आलेले नाहीत, पुढची तारीख मिळाली आहे. कपडे वेळेवर मिळाले नाहीत म्हणून दोन घरे दुसऱ्या इस्त्रीवाल्याकडे गेलेली असतात. ज्या पदपथावर त्याची टपरी आहे तो त्याचा नाही, त्यामुळे पोलिसांना नाराज करणेही त्याला परवडत नाही आणि आरोपीच्या माणसांना नाराज करणेही परवडत नाही. अशा माणसाने ‘मी काही पाहिले नाही’ असे सांगितले तर त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

त्याच चौकातल्या सोसायटीतल्या निवृत्त अधिकाऱ्याने तेच वाक्य उच्चारले तर मात्र मी दोष देईन. साठ वर्षांवरील पुरुषांना आणि सर्व स्त्रियांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात यावे लागत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन तो घ्यावा अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीही लागत नाही. ज्याच्याकडे वेळ आहे, निवृत्तिवेतन आहे, ओळखीचा वकील आहे, त्याला साक्ष देणे गैरसोयीचे असते; इस्त्रीवाल्याला ते महागात पडते. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. आणि दुर्दैवाने असे दिसते की ज्यांना अधिक परवडते त्यांच्याच घरातून ‘नसते झेंगट मागे लावून घेऊ नका’ हा सल्ला अधिक ठामपणे दिला जातो.

भीती खरीच आहे अशा जागा शहरात आहेत. नाना पेठेत 1 सप्टेंबर 2024 च्या रात्री एका माजी नगरसेवकाची हत्या झाली, आणि वर्षभराने त्याच पेठेत एका महाविद्यालयीन तरुणाला राहत्या इमारतीच्या वाहनतळात गोळ्या घातल्या गेल्या. हा आधीच्या हत्येचा सूड असल्याचे पोलिसांनी सांगितले. उपनगरांतून आणि वस्त्यांतून कोयते नाचवत रात्री रस्त्यावरच्या रिक्षा, मोटारी, दुचाकी फोडण्याचे प्रकार गेली काही वर्षे सतत घडत आहेत. या तोडफोडीला आपण पोरासोरांचा माज म्हणतो. मला तो सगळ्या गल्लीला दिलेला इशारा वाटतो. ज्यांच्या काचा फुटतात त्यांचे कोणाशी भांडण नसते. उद्या पोलिसांनी विचारले तर काय उत्तर द्यायचे ते त्यांना रात्रीच सांगून ठेवलेले असते. पकडलेल्या आरोपींची पोलिसांनी त्याच गल्लीतून धिंड काढली की लोक टाळ्या वाजवतात, पण त्या धिंडीने साक्षीदाराला काहीही मिळत नाही. जामिनावर सुटून आलेला आरोपी त्याच नळावर, त्याच पानटपरीवर भेटणार असतो, आणि त्या वेळी साक्षीदाराच्या बाजूला कोण आहे हा प्रश्न शिल्लक राहतो.

भीतीने पुणेकरांना काय करायला लावले याचा इतिहास जुना आहे. 1976 ते 77 या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत या शहरात दहा माणसांचा बळी गेला. त्या हिवाळ्यात अंधार पडला की रस्ते ओस पडत, ओळखीचा आवाज आल्याखेरीज दार उघडले जात नसे, हे त्या पिढीतली माणसे आजही सांगतात. गुन्हेगार कोणी परमुलखातून आलेले दरोडेखोर असतील असा अनेकांचा समज होता. ते निघाले याच शहरात कला महाविद्यालयात शिकणारे तरुण, आणि त्यांचा पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला विद्यार्थी होता. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. त्या प्रकरणातून शहराने दाराला साखळी, भिंग आणि पुढे लोखंडी जाळीचे दुसरे दार लावायला शिकून घेतले. आज त्याच वृत्तीने आपण कॅमेरे लावतो, प्रवेशद्वारावर ॲप बसवतो आणि घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलाचा फोटो काढतो. सावधगिरीला माझा विरोध नाही. परंतु प्रत्येक घटनेनंतर संशय बाहेरच्याकडे, म्हणजे परप्रांतीय मजूर, वसतिगृहात राहणारी मुले, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुली यांच्याकडे वळतो आणि आतल्या माणसांनी काय पाहिले हा प्रश्न बाजूला पडतो. कॅमेऱ्यांचेही तसेच आहे. साठवण भरली की काही दिवसांत जुने चित्रण पुसले जाते. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ते सुरक्षित करून रीतसर पोलिसांच्या स्वाधीन करण्याऐवजी कमिटीची बैठक होईपर्यंत थांबणाऱ्या सोसायटीत कॅमेरा असून नसल्यासारखाच असतो.

शांत माणूस होता, हे उत्तर सर्वांत जास्त खोटे ठरते ते घराच्या आत झालेल्या हत्यांच्या बाबतीत. पतीने पत्नीचा जीव घेतल्याची बातमी येते तेव्हा अनेकदा दिसते की मारहाण काही पहिल्यांदा झालेली नव्हती. भिंतीपलीकडून भांडी आदळल्याचे, दार आपटल्याचे, मुलाच्या रडण्याचे आवाज शेजारच्या घरात महिनोन्‌महिने पोचत होते आणि तिथे टीव्हीचा आवाज वाढवला जात होता. नवरा-बायकोचे भांडण आहे, त्यांच्या घरचा मामला आहे, आपण कशाला मध्ये पडायचे, ही आपली तयार वाक्ये आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षण कायद्याच्या कलम 4 नुसार असा हिंसाचार होत आहे असे वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. महिलांसाठी 181 ही मदतवाहिनी आहे, मुलांसाठी 1098 आहे. एवढेही करायचे नसेल तर ‘साखर आहे का’ असे विचारत त्या क्षणी दाराची बेल वाजवता येते. अशा व्यत्ययाने त्या रात्रीपुरता तरी उगारलेला हात खाली येऊ शकतो. रस्त्यावरच्या कोयत्यासमोर उभे राहण्यापेक्षा हे कितीतरी कमी धोक्याचे आहे, आणि तरीही आपण ते करत नाही. आमच्या धैर्याचा नव्हे, आमच्या सवयीचा हा प्रश्न आहे.

आता ज्या घरातले माणूस गेले त्या घराकडे वळू. पहिले काही दिवस डबे येतात, माणसे येतात. मग हळूहळू कुजबुज सुरू होते: मुलगी रात्री उशिरा यायची, मुलाची संगत बरी नव्हती, त्यांचे पैशाचे काहीतरी प्रकरण होते. असे कारण सापडले की ऐकणाऱ्याला बरे वाटते, कारण आपल्या घरात तसे काही नाही, म्हणजे आपल्यावर ही वेळ येणार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या एसटीच्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हाही ती ओरडली कशी नाही हा प्रश्न चौकाचौकांत विचारला गेला. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दंडनीय गुन्हा आहे, तरी अशा घटनांनंतर नावे आणि छायाचित्रे फिरवणारे आपल्याच ग्रुपवर असतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. ज्या घरातून आरोपी पकडला गेला त्या घरातल्या आईशी आणि शाळकरी भावंडांशीही गल्ली बोलणे टाकते, त्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नसला तरी. शोकात बुडालेले कुटुंब काही महिन्यांत घर विकून निघून जाते, आणि खटला उभा राहतो तेव्हा गल्लीत त्यांची आठवण ठेवणारे, तारखेला त्यांच्यासोबत जाणारे कोणी उरलेले नसते.

शासनाकडून मागण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते नवे नाही. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी 2017 मध्ये कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा अशीही तरतूद कायद्यात आहे. यातले किती त्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचते? जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने त्याला संरक्षणासाठी अर्ज करता येतो एवढे जरी सांगितले, तरी सुरुवात होईल. न्यायालयांत आरोपीची माणसे आणि साक्षीदार यांना वेगळ्या जागी बसवण्याची सोय हवी, आणि साक्षीदार हजर असताना विनाकारण तारीख दिली जाऊ नये.

परंतु यातले पुष्कळसे काम गल्लीलाही करता येण्यासारखे आहे, आणि पुण्यात ते करू शकणारी संघटना प्रत्येक चौकात आहे. गणेश मंडळाचे कार्यकर्ते घटना घडल्यावर पोलिसांच्याही आधी पोचतात, त्यांना प्रत्येक घर ठाऊक असते, आणि दहा दिवसांच्या उत्सवात बंदोबस्तापासून वर्गणीपर्यंत सगळे ते बिनबोभाट सांभाळतात. तारखेच्या दिवशी साक्षीदारासोबत शिवाजीनगरला चार कार्यकर्ते गेले आणि त्याचा त्या दिवसाचा बुडालेला रोजगार मंडळाच्या निधीतून भरून दिला, तर त्या व्हरांड्याचे चित्र बदलेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत रखवालदाराच्या पगारावर तासभर चर्चा होते. त्याच सभेत चित्रण कोणी आणि किती वेळात पोलिसांना द्यायचे याचा ठराव पाच मिनिटांत होऊ शकतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो गंभीर आहे: दुसऱ्याच्या भांडणात साक्ष देऊन मी माझ्या मुलाबाळांचा जीव का धोक्यात घालू? एकट्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र तो एकटा पडतो तो उरलेल्यांनी माघार घेतल्यामुळे. धमकी देणाऱ्याला एक साक्षीदार गाठता येतो, त्याच्या घराबाहेर दोन मोटारसायकली उभ्या करता येतात, त्याच्या भावाला निरोप देता येतो. ज्या इमारतीतल्या अकरा घरांनी एकाच आठवड्यात जबाब दिले आहेत, ज्यातल्या काहींनी फक्त आवाज ऐकला आहे, काहींनी पळणारी पाठ पाहिली आहे आणि एकाने चेहरा पाहिला आहे, त्या इमारतीत नेमके कोणाला धमकावायचे हे त्याला ठरवता येत नाही, आणि त्यातले दोघे पुढे फितूर झाले तरी सरकारी वकिलाच्या हातात नऊ जबाब उरतात.